शिकवायला शिकण्याचं गाव

प्राग, बार्सिलोना, लंडन, हनोई, चिआंग माय. परदेशी जाऊन इंग्रजी शिकवायचं मनात घेतलेल्या तरुण माणसाच्या वहीत ही नावं एकाखाली एक लिहिलेली असतात. शेजारच्या रकान्यांत फी, विमानाचं भाडं, खोलीचं भाडं. रकान्यांत न मावणारं बरंच काही समासात: व्लताव्हा नदीवरचे पूल, भूमध्य समुद्राची निळाई, डोंगरातली सकाळ. प्रमाणपत्राची चौकशी म्हणून सुरू झालेली यादी हळूहळू एका नव्या आयुष्याची यादी होते. घरापासून लांब, पहिल्यांदाच स्वतःच्या जोरावर राहायचं ते गाव कोणतं असावं, याचा विचार माणूस त्या निमित्तानं करत असतो. म्हणून अशी यादी कुणी माझ्यापुढे ठेवली की मी ती जपून वाचते.

हल्ली अशा याद्या बऱ्याच येतात. भाची घेऊन येते, तिच्या मैत्रिणी येतात, बी.ए.ला इंग्रजी घेतलेली गावाकडची मुलं येतात. ‘‘मावशी, तूच सांग, कुठे करू?’’ उत्तरादाखल मी विचारते, ‘‘तुझ्यापुढे कोण बसणार आहे?’’ यावर सगळी थांबतात. शहराविषयी त्यांनी भरपूर वाचलेलं असतं. त्या शहरातल्या वर्गात येऊन बसणाऱ्या माणसांविषयी कुणी काही वाचलेलं नसतं. माझ्या मते ही निवड त्या माणसांपासूनच सुरू व्हायला हवी.

जगभरच्या भाषाशाळा ज्यांना मान देतात अशी सुरुवातीची प्रमाणपत्रं मुख्यतः दोन. एक केंब्रिजचं सेल्टा, दुसरं लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचं सर्ट-टीसॉल. ट्रिनिटीचं नाव मुंबई-पुण्यात आणि गोव्यात पियानो-व्हायोलिनच्या परीक्षांमुळे ओळखीचं आहे. १८७२ साली संगीतशिक्षणासाठी निघालेली ही संस्था पुढे भाषेकडेही वळली. सेल्टा किमान १२० तासांचं, सर्ट-टीसॉल किमान १३० तासांचं. पूर्णवेळ केलं तर साधारण ४ आठवड्यांत संपतं. आधी भाषेची चाचणी आणि मुलाखत होते. मग रोजचे तास, अनुभवी शिक्षकांचे वर्ग पाहणं, रात्री जागून केलेलं लेखी काम. शेवटी बाहेरून परीक्षक येऊन सगळं तपासून जातो. या सगळ्याच्या मध्यभागी असतात ते ६ तास. दोन्ही अभ्यासक्रमांत प्रत्येकाला किमान ६ तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं, आणि ते शिकवणं कुणीतरी जाणकार मागच्या बाकावर बसून, टिपणं काढत पाहत असतं.

बाजारात १२० तासांची आणखी पुष्कळ प्रमाणपत्रं मिळतात. घरी बसून धडे वाचायचे, प्रश्नांची उत्तरं द्यायची, शेवटी नाव छापलेला कागद उतरवून घ्यायचा. त्यांतही व्याकरण असतं, पाठाच्या आराखड्यांचे नमुने असतात. पण समोर माणूस नसतो, आणि माणूस समोर आल्याखेरीज शिकवणं सुरूच होत नाही. २०२० नंतर सेल्टासुद्धा पूर्णपणे ऑनलाइन करता येऊ लागलं, तरी तिथेही ते ६ तास वगळलेले नाहीत. पडद्यावर का होईना, जिवंत विद्यार्थी असतातच. घरची जबाबदारी असलेल्या, लांब जाऊ न शकणाऱ्या माणसासाठी तो रस्ता प्रामाणिक आहे. कागदांमधला फरक ओळखायचा असेल तर एवढंच विचारावं: मी शिकवताना कोण शिकणार, आणि मला कोण पाहणार?

त्या ६ तासांत काय घडतं, हे बाहेरून कळत नाही. वरवर पाहता ते पाऊण-पाऊण तासाचे छोटे पाठ असतात. एक गट नवशिक्यांचा, दुसरा थोडा पुढे गेलेल्यांचा. आपण ‘युज्ड टू’ शिकवायला उभे राहतो. पूर्वी एखादी गोष्ट नेहमी होत असे, आता होत नाही, एवढाच अर्थ. ‘समजलं का?’ असं विचारलं की वर्ग मान डोलावतो. मग आपल्याला शिकवतात की हा प्रश्न विचारायचाच नाही. ‘तो पूर्वी सिगारेट ओढत असे’ या वाक्यावर विचारायचं: तो आता ओढतो का? एकदाच ओढली होती, की पुष्कळदा? या दोन लहान प्रश्नांच्या उत्तरांतून कुणाला कळलं आणि कुणी नुसती मान हलवली, ते लख्ख दिसतं. पाठ संपल्यावर सगळे प्रशिक्षणार्थी गोल करून बसतात आणि कुणाचं काय जमलं, काय निसटलं, ते एकमेकांना सांगतात. आपण किती बोललो आणि विद्यार्थी किती बोलले, याचा हिशेब तिथे मांडला जातो. चांगला वक्ता असणं आणि चांगला शिक्षक असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुस्तकात वाचून पटत नाही. त्या गोलात बसल्यावर पटतं.

या पद्धतीचा उगम मला फार आवडतो. जॉन हेक्राफ्ट आणि त्यांची पत्नी ब्रीटा यांनी १९५३ साली स्पेनमधल्या कॉर्दोबा शहरात इंग्रजीची छोटी शाळा काढली. पुढे ती दोघं लंडनला आली, इंटरनॅशनल हाउस ही संस्था उभी राहिली आणि १९६२ साली तिथे शिक्षकांसाठी एक आटोपशीर अभ्यासक्रम सुरू झाला. व्याख्यानं थोडी, शिकवून पाहणं जास्त, अशी त्याची ठेवण होती. तो आधी रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्सकडे आणि मग केंब्रिजकडे गेला, आणि त्यातूनच आजचं सेल्टा घडलं. ब्रीटा स्वीडनच्या. इंग्रजी त्यांची मातृभाषा नव्हती, आणि त्यांनी ज्यात नाव मिळवलं तो विषय होता इंग्रजी उच्चार कसे शिकवावेत. इंग्रजी शिकवण्याच्या या जगन्मान्य वाटेच्या मुळाशी इंग्रजी शिकून घेतलेली एक बाई उभी आहे. आपल्या मुलामुलींनी हे लक्षात ठेवावं.

आता गावांकडे वळू. सरावाच्या या वर्गांत फुकट किंवा अगदी थोड्या फीवर शिकायला येतात ती त्या गावचीच माणसं. त्यामुळे गाव बदललं की वर्ग बदलतो. लंडनच्या वर्गात एका बाकावर पोलंडचा सुतार, दुसऱ्यावर ब्राझीलची मुलगी, तिसऱ्यावर सोमालियातून आलेली आई असू शकते. त्यांची एकमेकांशी बोलण्याची भाषा इंग्रजीच असते, म्हणून ती धिटाईनं बोलतात; वर्ग सुटला की बाहेर बस, दुकान, दवाखाना, सगळीकडे त्यांना तीच लागते. प्रागच्या वर्गात चेक भाषा बोलणारे असतात. त्यांच्या भाषेत ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदं नाहीत, आणि मराठीतही नाहीत. कुठे ‘द’ लावायचा आणि कुठे नाही, हे कोडं शाळेत सोडवत बसलेल्या मराठी माणसाला त्यांची अडचण सांगावी लागत नाही. बार्सिलोनात स्पॅनिश आणि कातालान बोलणारे भेटतात. शब्दाच्या सुरुवातीच्या ‘स्प’ किंवा ‘स्ट’ आधी त्यांच्या तोंडून आपोआप एक ‘ए’ निघतो. ‘स्कूल’ला ‘इस्कूल’ म्हणणारी माणसं आपल्या देशातही आहेत, तेव्हा ती सवयही आपल्याला परकी नाही. यातलं कुठलंही गाव दुसऱ्याहून श्रेष्ठ नाही. प्रत्येक गाव वेगळा कान घडवतं.

मी हनोई निवडलं. काम आशियात करायचं होतं. जी माणसं माझ्यासारखीच शाळेच्या पुस्तकातून, घरात इंग्रजीचा शब्दही न ऐकता ही भाषा शिकली, त्यांच्यापुढे उभं राहायचं होतं. शरद ऋतू होता. संध्याकाळी रस्त्यांवर एक दाट, गोड, थोडा डोक्यात भिनणारा वास पसरायचा. हनोईचे लोक त्या फुलांवर गाणी करतात, त्यांची आठवण परदेशातही काढतात. झाड जवळून पाहिलं तर ती आपली सप्तपर्णी निघाली, पुण्याच्या रस्त्यांवर ऑक्टोबरात फुलणारी. पदपथावरच्या बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून बर्फ घातलेला चहा पीत मी दुसऱ्या दिवशीच्या पाठाचे आराखडे लिहिले. समोरून दुचाक्यांचा लोंढा वाहत असायचा. परक्या शहराविषयीची भीती कामात अशी विरघळून जाते.

वर्गात दिवसभराचं काम उरकून आलेली माणसं असत: बँकेतला कारकून, औषधांच्या दुकानात काम करणारी मुलगी, नातवाशी बोलता यावं म्हणून शिकणारे निवृत्त गृहस्थ. तिथे मला पहिल्यांदा शब्दाचा शेवट ऐकू आला. व्हिएतनामी भाषेत शब्दाच्या अखेरीस मोजकीच व्यंजनं येतात आणि तीही ओठांत, घशात मिटून घेतलेली. त्यामुळे इंग्रजी ‘लाइक’, ‘लाइट’, ‘लाइफ’ यांची शेपटी पुष्कळांच्या तोंडी गळून पडते आणि तिन्ही शब्द एकच होऊन बसतात. ‘आणखी मोठ्यानं म्हणा’ असं सांगून काही होत नाही. दोन शब्द शेजारी ठेवायचे, आधी कानाला फरक ऐकवायचा, मग तोंडाला करायला लावायचा. फरक ऐकू आल्याचं चेहऱ्यावर आधी उमटतं, उच्चार त्यानंतर येतो. माझ्या तोंडी ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ या दोहोंसाठी एकच ‘व’ होता, त्यामुळे तोंडाला नवी हालचाल शिकवायला किती वेळ आणि किती धीर लागतो, हे मला ठाऊक होतं. त्या वर्गाला मी तो वेळ देऊ शकले.

सर्ट-टीसॉलमध्ये एक सुंदर भाग आहे. प्रशिक्षणार्थींना एक संपूर्ण अनोळखी भाषा ४ तास शिकवली जाते, तीही त्याच भाषेतून, आणि त्यांनी विद्यार्थी म्हणून काय अनुभवलं त्याची रोजनिशी लिहायची असते. सेल्टाच्या पुष्कळ वर्गांतही पहिल्या दिवसांत असा एखादा पाठ ठेवतात. लहानपणापासून इंग्रजीच बोलत आलेला उमेदवार त्या तासात कावराबावरा होतो. आपलं नाव सांगायलाही शब्द सापडत नाहीत, शेजारच्याकडे चोरून पाहावं लागतं, पाळी येऊ नये अशी मनातून प्रार्थना चाललेली असते. शिक्षक होणाऱ्या प्रत्येकानं एकदा तरी हे भोगलं पाहिजे, हे ज्यांनी ठरवलं त्यांना शिकवणं कळलं होतं.

आमच्या पिढीतल्या मराठी माध्यमाच्या मुलांना हा पाठ वेगळा द्यावा लागत नाही. आमचं इंग्रजी पाचवीत सुरू झालं. चार रेघांच्या वहीत ‘ए, बी, सी, डी’ गिरवताना आम्ही दहा वर्षांचे होतो. घरी वडिलांच्या कपाटात तर्खडकरांची भाषांतर पाठमाला असायची. मराठी वाक्य वाचायचं, इंग्रजी करायचं, पुन्हा उलट फिरवायचं. पुढे २००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं आणि ती दहाव्या वर्षीची अक्षरओळख इतिहासजमा झाली. आज त्या जुन्या पद्धतीत दोष दाखवता येतात, त्यातून बोलणं येत नसे हे खरंच आहे. पण त्या वाटेनं आलेल्यांना प्रत्येक वळण आठवतं. ‘सिन्स’ कुठे आणि ‘फॉर’ कुठे, ‘डिड’नंतर क्रियापद मूळ रूपात का येतं, हे आम्ही कधीतरी कष्टानं शिकलो, म्हणून ते सांगता येतं. ज्यांना ती भाषा आईच्या मांडीवर मिळाली त्यांना बरोबर काय ते चटकन कळतं; का, ते अभ्यास करूनच सांगता येतं.

पीटर मेद्येश या हंगेरियन अभ्यासकानं १९९४ साली मातृभाषा इंग्रजी नसलेल्या शिक्षकांवर पुस्तक लिहिलं, त्यात हीच बाजू नीट मांडली आहे: असा शिक्षक स्वतःच यशस्वी विद्यार्थ्याचं उदाहरण असतो, अडचण कुठे येणार ते त्याला आधी दिसतं, विद्यार्थ्याची तगमग त्याला कळते. त्याआधी १९९२ साली रॉबर्ट फिलिप्सन यांनी, आदर्श शिक्षक तो ज्याची मातृभाषा इंग्रजी, या समजुतीला सरळ भ्रम म्हटलं आणि तिचा धागा १९६१ च्या युगांडातल्या मकेरेरे परिषदेपर्यंत नेऊन दाखवला. श्रीनगरला जन्मलेल्या आणि अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात शिकवणाऱ्या ब्रज काचरू यांनी इंग्रजीची तीन वर्तुळं आखली आणि भारतासारख्या देशांतलं इंग्रजी ही तिथलीच एक भाषा आहे, हे जगाला मान्य करायला लावलं.

विद्वानांनी मान्य केलं, पण व्हिसाच्या खिडकीनं अजून पुरतं मान्य केलेलं नाही. दक्षिण कोरियाचा परदेशी भाषाशिक्षकांसाठीचा ई-२ व्हिसा इंग्रजीपुरता मुळात सात देशांच्या नागरिकांसाठी आखलेला आहे: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. युरोपातल्या पुष्कळ शाळा युरोपीय महासंघाचा पासपोर्ट असलेल्यांना आधी घेतात, कारण दुसऱ्यांसाठी परवान्याची खटपट करावी लागते. नोकरीच्या कितीतरी जाहिरातींत ‘फक्त मूळ भाषक’ अशी ओळ आजही छापलेली असते. या ओळीनं मी दुखावले आहे, आणि माझ्यासारख्या अनेकजणी दुखावल्या आहेत. ती ओळ अन्यायाची आहे, हे मी कुठल्याही व्यासपीठावरून सांगेन. पण तिच्यामुळे वाट बदलणाऱ्या मुलीला मी हेही सांगेन की निघण्याआधी ती वाचून घे. बार्सिलोनात प्रमाणपत्र घेतलं म्हणून स्पेनमध्ये काम करता येत नाही. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, आणि तो कामाचा परवाना नव्हे.

प्रशिक्षणाचं गाव आणि कामाचं गाव जवळ असलं तर त्याचे फायदे मोठे. सरावाच्या वर्गातच पुढच्या विद्यार्थ्यांची भाषा कानावर पडते, शहरातल्या शाळा कळतात, शिकवणाऱ्यांपैकीच कुणीतरी नोकरीच्या ठिकाणी नाव सुचवतं. आणखी एक गोष्ट आधी कुणी सांगत नाही: सेल्टा प्रौढांना शिकवण्यासाठी आखलेलं आहे, आणि आशियात मिळणारी बरीचशी कामं लहान मुलांच्या वर्गाची असतात. तेव्हा त्या गावातली संस्था मुलांना शिकवण्याचं काही जोडून देते का, हे विचारावं. पदवीचे कागद निघण्याआधीच प्रमाणित करून ठेवावेत. एकमेकांची प्रमाणित कागदपत्रं मानण्याच्या अपोस्टिल करारात भारत २००५ पासून आहे, पण ज्या देशात जायचं तो देश अपोस्टिल मानतो की त्याच्या वकिलातीचा शिक्का मागतो, हे पाहिलं पाहिजे.

आणि काहींनी परदेशाआधी हैदराबादकडे पाहावं. १९५८ साली सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश म्हणून सुरू झालेली संस्था आज इंग्रजी आणि परदेशी भाषांचं केंद्रीय विद्यापीठ आहे. इंग्रजी अध्यापनाचा सखोल अभ्यास तिथे होतो. ४ आठवड्यांच्या प्रमाणपत्रानं वर्गात उभं राहायचं बळ येतं. भाषेचं शास्त्र समजायला असा निवांत अभ्यास लागतो. या विषयातलं मोठं काम आपल्या देशात झालेलं आहे, हेही मुलांना सांगावंसं वाटतं. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळुरू आणि दक्षिणेतल्या इतर काही शाळांत एक प्रयोग केला. व्याकरणाचे नियम पुढे न ठेवता मुलांना रेल्वेचं वेळापत्रक, नकाशा अशी कामं दिली, आणि काम सोडवता सोडवता इंग्रजी येऊ दिलं. कृतींतून भाषा शिकवण्याची जी पद्धत आज प्राग आणि हनोईतल्या प्रशिक्षणवर्गांत शिकवतात, तिचं एक मूळ दक्षिण भारतातल्या त्या साध्या वर्गांत आहे. १९९० साली प्रभूंनीच लिहिलं की सगळ्यात चांगली अशी एकच पद्धत नसते. आपण करतो आहोत त्यातून समोरचा खरंच शिकतो आहे का, याची शिक्षकाची जाग महत्त्वाची. हनोईच्या त्या वर्गात मी जे शिकले ते याहून वेगळं नव्हतं.

म्हणून माझ्याकडे यादी घेऊन येणाऱ्या मुलामुलींनो, नदी, समुद्र आणि डोंगर समासात खुशाल राहू द्या. ज्या गावात राहायचं ते आवडलंच पाहिजे. पण रकान्यांत आणखी तीन प्रश्न लिहा. मला तिथे किती तास खऱ्या माणसांना शिकवायला मिळेल आणि ते कोण पाहील? ती माणसं, पुढे मला ज्यांना शिकवायचं आहे, त्यांच्यासारखी आहेत का? आणि माझ्या भारतीय पासपोर्टवर तो देश मला कामाचा परवाना देतो का? तिन्हींची उत्तरं ज्या गावापुढे समाधानकारक येतील ते गाव निवडा, मग ते यादीत शेवटचं का असेना. पैसे भरण्याआधी त्या संस्थेला पत्र लिहून हे तिन्ही प्रश्न विचारा, आणि सरळ उत्तर न देणाऱ्या संस्थेत जाऊ नका.